रंध्याचे वारस

'इस्टेट' या शब्दाशी मराठी मध्यमवर्गीय माणसाचा संबंध दोनच प्रसंगी येतो. एकदा मुलीसाठी स्थळ बघताना, म्हणजे 'मुलाची गावाकडे इस्टेट आहे म्हणतात' या वाक्यात. आणि एकदा कोर्टात, ती इस्टेट नेमकी कुठे गेली हे शोधताना. आमच्या घरात हा शब्द फक्त आजोबांच्या तोंडी होता. 'आपली कोकणात इस्टेट होती,' असं ते जेवण झाल्यावर सांगत. ती गेली कुणामुळे, असं विचारलं की ते एका चुलतभावाचं नाव घेत, आणि आजी आम्हा मुलांना बाहेर खेळायला पाठवी. इस्टेट ही भूतकाळात असते, तिच्यात सातआठ आंब्याची कलमं असतात आणि ती चुलत्यांनी खाल्लेली असते, एवढ्या ज्ञानावर मी बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो.

बँकेत गेली अकरा वर्षं मी अशा टेबलावर बसतो की ज्याचं काम असतं तो स्वतः कधीच येऊ शकत नाही. मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल. इतर काउंटरवर लोक घाईत असतात, माझ्याकडे येणारे गंभीर असतात. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, हमीपत्र, दोन साक्षीदार. पंचवीस हजारांच्या मुदतठेवीसाठी तीन भाऊ आणि दोन बहिणी समोरच्या बाकावर अशा बसतात की पाचांनाही एकमेकांचं तोंड दिसू नये. या अकरा वर्षांत मला लोकांनी व्याजाचा दर विचारला, लॉकरची किल्ली विचारली, नॉमिनीला सगळं मिळतं का हे तर रोजच विचारलं. पण 'बाबांचा हातोडा कुणाला?' असं कुणीच विचारलं नाही. आमच्या फॉर्मात तसा रकानाही नाही.

हा रकाना मला सापडला अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, एका परक्या माणसाच्या तळघरात. आमचे धाकटे मेहुणे तिथं नोकरीला असतात. आम्ही उभयता तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. एका शनिवारी सकाळी ते म्हणाले, "भाओजी, चला, तुम्हाला इस्टेट सेल दाखवतो." या दोन शब्दांपैकी मी पहिला ऐकला आणि सौ.ने दुसरा. ती माझ्या आधी गाडीत जाऊन बसली होती.

तिकडची पद्धत अशी. घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा घर सोडून वृद्धाश्रमात गेलं, की मुलंबाळं आपापल्या गावांहून विमानानं येतात, आठवणीचे चारदोन जिन्नस उचलतात आणि उरलेलं घर एखाद्या कंपनीच्या हवाली करून परत जातात. कंपनीची माणसं सगळी कपाटं उघडतात, चमच्यापासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी डकवतात आणि दोनतीन दिवस घराचं दार सताड उघडं ठेवतात. पहाटेपासून रांग लागते, नंबर वाटले जातात. (आमच्याकडची टोकनं बंद झाली, ती बहुधा तिकडे गेली असावीत.) शेवटच्या दिवशी उरलंसुरलं निम्म्या किमतीत. अनोळखी माणसं मेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरातले खण ओढून बघतात आणि कुणालाच काही वाटत नाही. आपल्याकडे तेराव्याला आलेली सख्खी आतेसुद्धा कपाटाला हात लावताना आधी खोकते.

अशा घरात बायका वरच्या मजल्यावर आणि पुरुष तळघरात, हा एक अलिखित नियम दिसला. सौ. चिनी मातीच्या बशांकडे वळली. मी जिना उतरलो.

खाली एक सुताराचं बाक होतं. घरमालक काही सुतार नव्हता. तिकडे वकील, पोस्टमन, शाळामास्तर असे कुणीही घरच्या घरी रंधा मारतात. भिंतीवर भोकाभोकांची एक फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगानं काढून ठेवली होती. करवतीच्या जागी करवतीची, गुण्याच्या जागी गुण्याची, पटाश्यांच्या जागी चढत्या मापानं सहा पटाश्यांची. आमच्या आधी आलेल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांनी निम्मी हत्यारं उचलली होती. भिंतीवर नुसत्या आकृत्या उरल्या होत्या.

बाकापाशी एक सत्तरीचे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून एका लोखंडी रंध्याच्या पोटात बघत होते. आमच्याकडे शंभराच्या नोटा ज्या संशयानं बघतात तसे. मी शेजारी उभा राहिलो. मी गिऱ्हाईक नाही आणि प्रतिस्पर्धीही नाही याची खात्री पटल्यावर त्यांनी माझी जी शिकवणी घेतली, ती पुढचे सगळे शनिवार वेगवेगळ्या तळघरांत चालू राहिली. पुढे जे सांगतो त्यातलं बरंचसं त्यांनी सुरू करून दिलेलं आणि उरलेलं मी मेहुण्यांच्या गावच्या वाचनालयात बसून पुरं केलेलं आहे.

आम्ही होतो ते गाव न्यू ब्रिटनपासून गाडीनं वीस मिनिटांवर. न्यू ब्रिटन म्हणजे हत्यारांची काशी. १८५७ साली तिथं स्टॅन्ली रूल अँड लेव्हल ही कंपनी निघाली. तोवर रंधा म्हणजे लाकडाचा ठोकळा आणि त्यात पाचरीनं बसवलेलं पातं. पातं जरा पुढे काढायचं तर हातोडीनं टकटक, मागे घ्यायचं तर दुसऱ्या बाजूनं टकटक, आणि जास्त झालं की पहिल्यापासून. लेनर्ड बेली नावाच्या बोस्टनच्या कारागिरानं पातं स्क्रूनं मागेपुढे करायची युक्ती काढली. स्टॅन्लीनं १८६९ साली बेलीचं पेटंट विकत घेतलं, खुद्द बेलीलाही नोकरीवर घेतलं, आणि रंध्यांना एक ते आठ असे नंबर दिले. एक नंबर साडेपाच इंचांचा, म्हणजे खेळण्याएवढा. आठ नंबर दोन फुटांचा. दीडशे वर्षं होऊन गेली तरी जगभर रंध्याचा नंबर सांगायचा तो याच हिशेबानं.

भिंगवाले गृहस्थ शोधत होते त्या पेटंटच्या तारखा. त्या रंध्याच्या पोटात, पात्याच्या बैठकीमागे, ओतीव अक्षरांत असतात. किती तारखा आहेत, मूठ केवढी आहे, स्क्रूचं चाक कसलं आहे, यावरून रंध्याचं वय काढतात. त्यांच्या हातातल्या रंध्याचं ते चाक पितळेचं नव्हतं, काळं होतं. मला वाटलं गंजलं असेल. ते म्हणाले, "युद्ध." दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांना लागत होतं, म्हणून त्या तीनचार वर्षांतल्या रंध्यांना पोलादाची नाहीतर कडक रबराची चाकं आणि शिसवाऐवजी रंग दिलेल्या साध्या लाकडाच्या मुठी बसवल्या. इतिहासाच्या पुस्तकात मी महायुद्धावर दहा मार्कांचा प्रश्न लिहिला होता. एवढ्या लहान चाकात ते मावतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता यात वाणिज्य शाखेच्या पदवीधराला झोंबणारी एक गोष्ट आहे. घसारा. आम्हाला शिकवलं की कुठल्याही अवजाराची किंमत दर वर्षी दहा टक्क्यांनी कमी करत जायची. घटत्या शिल्लक पद्धतीनं ती कधीच शून्य होत नाही. पण मरायला टेकलेल्या माणसासारखी नुसती धुगधुगी धरून राहते. इथं तो साडेपाच इंची एक नंबर, जो इतका लहान की सुताराला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि उपयोग नाही म्हणून विकला गेला थोडा, आणि थोडा म्हणून आज तो हजार डॉलरांच्या वर जातो. आणि ज्या चार नंबरनं अमेरिकेतली निम्मी दारंखिडक्या तासली तो पंचवीस-तीस डॉलरांत पडलेला असतो. कामाचा माणूस आणि साहेबाच्या केबिनमधला शोभेचा माणूस यांच्या पगारांतला फरक मला तेव्हा प्रथमच शास्त्रीय पायावर समजला.

करवतींचं प्रकरण त्याहून घरगुती. तिकडच्या जुन्या करवतींच्या लाकडी मुठीत एक पितळी बिल्ला बसवलेला असतो. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टननं १८४० साली करवतींचा धंदा काढला. हा इंग्लंडातून बापाबरोबर आलेला पोरगा. बोटीतून उतरून तीन दिवस झाले आणि बाप वारला. पुढे धंदा वाढला, मुलगा हाताशी आला, आणि १८६५ पासून नाव झालं 'हेन्री डिस्टन आणि पुत्र'. १८७१ साली आणखी मुलं हाताशी आली तेव्हा 'पुत्र'चं अनेकवचन झालं. बिल्ल्यावर इंग्रजी 'एस' आहे की नाही एवढं बघून जाणकार सांगतात की करवत कुठल्या सालाच्या अलीकडची की पलीकडची. आमच्या टेबलावर वारसांची नोंद करायला मुद्रांक आणि तीन खेपा लागतात. डिस्टननं ती मुठीवर ठोकली आणि मोकळा झाला.

यातला थोरला पुत्र हॅमिल्टन. त्यानं १८८१ साली फ्लोरिडा राज्याकडून एकरी पंचवीस सेंट दरानं चाळीस लाख एकर जमीन घेतली. दलदल होती ती बरीचशी, पण इस्टेट म्हणावी तर अशी. आमच्या आजोबांना हे कळायला हवं होतं. चुलतभावावरचा त्यांचा राग थोडा निवळला असता.

ही मोडीत निघालेली हत्यारं गोळा करायचं वेड कुणी लावलं, हेही कागदोपत्री सापडतं. हेन्री मर्सर हा पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डॉइल्सटाउनचा गृहस्थ. शिक्षणानं वकील, पण वकिली न केलेला, आणि व्यवसायानं पुराणवस्तुसंशोधक. जमिनीखालचं उकरून काढण्यात त्याची उमेद गेलेली. १८९७ साली त्याला घरच्या शेकोटीसाठी जुन्या धर्तीचा चिमटा हवा होता, म्हणून तो एका जुनंपानं विकणाऱ्याकडे गेला. हा दुकानदार खेड्यापाड्यांतल्या लिलावांतून 'पेनी लॉट' उचलायचा. म्हणजे शेतकरी मेला, गाईबैल विकले, भांडीकुंडी विकली, आणि खळ्यात कुणालाच नको असलेला जो ढीग उरला, तो पैशापैशाला. त्या ढिगात मर्सरनं चिमटा शोधायला हात घातला, आणि तो तसाच राहिला. गिरमिटं, वाकसं, सूतकताईची चाकं, लाकडी रंधे. शंभर वर्षांपूर्वी ज्यानं त्यानं रोज हातात धरलेल्या आणि आता नावही न आठवणाऱ्या वस्तू. जमिनीखालचं शोधायला आपण दूरदूर हिंडलो आणि जमिनीवरचं हे डोळ्यांदेखत सरपणात चाललं आहे, असं त्याच्या मनानं घेतलं.

माणूस पुढे पार वेडा झाला, आणि त्याच्या वेडाला पैशाचं पाठबळ होतं. त्यानं हजारो हत्यारं जमवली आणि ती ठेवायला सहा मजल्यांचं काँक्रीटचं संग्रहालय बांधलं. थोडे मजूर आणि लूसी नावाची एक घोडी यांच्या बळावर १९१६ साली ते पुरं झालं. काँक्रीट अशासाठी की १८७२च्या बोस्टनच्या आगीत त्याच्या मावशीचा जुन्या चिलखतांचा संग्रह भस्मसात झाला होता. संग्रहालयाच्या आधी त्यानं स्वतःचं राहतं घरही काँक्रीटचंच बांधलं, तेव्हा शेजारीपाजारी हसले. त्यावर त्यानं गच्चीवर होळी पेटवून दाखवली. संग्रहालयात जागा पुरेना तेव्हा त्यानं होड्या, घोडागाड्या आणि खुर्च्या छतालाच उलट्यासुलट्या टांगल्या. आमची सौ. माळ्यावरच्या माझ्या जुन्या मासिकांबद्दल काय बोलते ते मी जाणतो. मर्सर अविवाहित होता, एवढंच नमूद करतो. सुतारांच्या जुन्या हत्यारांवरचं त्याचं पुस्तक १९२९चं. अजून छापलं जातं.

याच्या बरोबर उलट पेटी आहे इंग्लंडात, रोचेस्टरच्या संग्रहालयात. बेंजामिन सीटन नावाच्या तरुणाला त्याच्या बापानं १७९६च्या डिसेंबरात लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलच्या दुकानातून हत्यारांचा अख्खा संच घेऊन दिला. पोरानं १७९७ साली त्यांच्यासाठी एक देखणी पेटी केली, हत्यारांची यादी लिहून ठेवली, आणि नंतर बहुतेक हत्यारांना हातच लावला नाही. त्यामुळे ती आज नवीकोरी आहेत आणि अभ्यासक त्याला दुवा देतात. मुलाला घेऊन दिलेल्या कॉमर्सच्या गाइडांकडे बघून माझ्याही मनात आशा निर्माण झाली आहे.

पण मला धरून ठेवलं ते लाकडी रंध्यांनी. लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर, जिथं लाकडाचे आडवे छेद दिसतात तिथं, बनवणाऱ्याचं नाव पोलादी शिक्क्यानं ठोकलेलं असतं. त्याच्या वर, खाली, जागा मिळेल तिथं दुसरी नावं. ही मालकांची. पहिला सुतार थकला, त्यानं रंधा विकला; दुसऱ्यानं आपलं नाव ठोकलं, पण पहिल्याचं खोडलं नाही. तिसऱ्यानंही तसंच. गुडमन नावाच्या एका इंग्रजानं रंधे बनवणाऱ्यांच्या या नावांचा अख्खा कोश १९६८ साली छापला.

पराक्रम्य दस्तऐवज अधिनियम, १८८१, ज्यानं पाठ केला आहे त्याला हे बघून भरून येईल. हुंडी अशीच तर हातोहात जाते! प्रत्येक धारक पाठीमागे सही करून पुढच्याला देतो, आणि आधीची सही खोडायची नसते. फरक एवढाच की हुंडीच्या पाठीवर सह्या करणारे पैशापुरते एकमेकांना बांधलेले असतात. रंध्यावरच्या चारपाच जणांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसतील. त्यांचे अंगठे मात्र लाकडाच्या एकाच खळग्यात बसलेले आहेत.

आपल्याकडे असं नाव ठोकायची वेळ आली नाही. गावचा सुतार बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचा वाकस त्याचाच, हे सांगायला शिक्का कशाला? खंडेनवमीला त्याच वाकसाला हळदकुंकू लागायचं आणि बाप गेला की तो पोराच्या हातात जायचा. मध्ये कुठली कंपनी नाही, चिठ्ठी नाही, निम्म्या किमतीचा रविवार नाही. अर्थात बापाच्या वाकसाबरोबर बापाची जागाही पोराच्याच नशिबी यायची, त्याला ती हवी असो वा नसो, हेही खरं.

भिंगवाल्या गृहस्थांनी शेवटच्या शनिवारी एक छायाचित्र दाखवलं. एक लाकडी रंधा, पिवळ्या बर्चचा. इंग्रजी रंधे बीचचे असतात. बर्च दिसला की न्यू इंग्लंडातला आणि जुना, असं धरून चालतात. तोंडावर तीन ओळींचा शिक्का. 'सी. ई. चेलर, राहणार रेंथम.'

रेंथम हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव. तिथं फ्रान्सिस निकल्सन नावाचा चर्चचा एक मान्यवर गृहस्थ राहायचा. नावानिशी ठाऊक असलेला अमेरिकेतला सर्वांत जुना रंधे बनवणारा तो हाच. त्याच्या कारखान्यात सीझर चेलर नावाचा एक काळा माणूस काम करायचा. कामगार नव्हे. निकल्सनच्या मालकीचा. गुलामांना रोमन थोरामोठ्यांची नावं द्यायची तेव्हा रीतच होती. ज्याच्या हातात काही नाही त्याला सीझर म्हणायचं. त्या काळी मॅसॅच्युसेट्समध्ये एखादा मालक वारला की त्याच्या इस्टेटीची जी यादी व्हायची, तिच्यात गाई, खुर्च्या, हत्यारं यांच्याबरोबर अशी माणसंही असायची, किमतीसकट.

हे ऐकलं आणि त्या तळघरातल्या चिठ्ठ्यांकडे मला पुन्हा त्याच नजरेनं बघता येईना. सात डॉलर, चार डॉलर, बारा डॉलर.

निकल्सन १७५३ साली वारला. त्यानं मृत्युपत्र केलं होतं. माझ्या टेबलावरून मृत्युपत्रं पुष्कळ गेली. बहुतेकांत एखाद्या मुलाला काही मिळू नये यावरच जास्त शाई खर्च झालेली असते. या मृत्युपत्रात सीझरला त्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. पुढे त्याला दिलेल्या वस्तू आहेत: त्याची खाट आणि बिछाना, त्याची पेटी आणि कपडे, त्याचं कामाचं बाक, नेहमीची हत्यारं, काही लाकूड, दहा एकर जमीन. यादीच्या सुरुवातीचे जिन्नस पुन्हा वाचावे लागतात. ज्या खाटेवर तो निजत होता आणि जे कपडे त्याच्या अंगावर होते, ते त्याचे व्हायला आधी मालक मरावा लागला आणि ते लिहून ठेवावं लागलं. निकल्सनला मोठ्या मनाचा म्हणावं, तर इतकी वर्षं त्यानं काय केलं हा प्रश्न उरतो. मी बँकेचा माणूस आहे. जमा बाजू लिहिली की नावे बाजू लिहिल्याशिवाय मला पान उलटता येत नाही. आणि निकल्सनचा शिक्का असलेल्या रंध्यांपैकी काहींवर हात सीझरचेच फिरले असणार, याची नोंद करायला तर कुठलीच बाजू नाही.

सुटका झाल्यावर चेलरनं तोच धंदा केला, पण स्वतःचा शिक्का घडवून. आज आमच्याकडे खातं उघडायला आलेल्या माणसाला आम्ही विचारतो, ओळखीचा पुरावा? पत्त्याचा पुरावा? वैतागून लोक विजेचं बिल आपटतात. चेलरनं हे दोन्ही पुरावे प्रत्येक रंध्यावर हातोड्यानं ठोकले. नाव चेलर. राहणार रेंथम. निकल्सनच्या शिक्क्यातही 'राहणार' होतं. तिकडच्या कारागिरांची ती धाटणीच होती, गिऱ्हाइकाला दुकान सापडावं म्हणून. पण काल ज्याची जागा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होती त्यानं तो शब्द ठोकणं, हे दुकानाच्या पाटीपेक्षा मला जरा अधिक वाटतं. तो १७८४ साली वारला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं गुलामगिरी राज्यघटनेत बसत नाही असं म्हटलं ते १७८३ साली. म्हणजे राज्याच्या आधी तीस वर्षं त्यानं आपला निकाल लाकडावर उमटवायला सुरुवात केली होती.

त्याचे रंधे आज संग्रहालयांत आहेत आणि एखादा बाजारात आला तर हजारो डॉलरांना जातो. भिंगवाले गृहस्थ चाळीस वर्षं तळघरं धुंडाळताहेत. त्यांना तो एकदाही मिळालेला नाही. "पण कुठल्या तरी पेनी लॉटमध्ये अजून एखादा असेल," ते म्हणाले आणि गुडघे सांभाळत पुढच्या खोक्यापाशी बसले.

मी एक लाकडी रंधा घेतला. रविवारपर्यंत थांबून, सहा डॉलरांना. सपाट तळाचा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. या आकारामुळे इंग्रजीत त्याला शवपेटीचं नाव आहे. मृत खातेदारांच्या टेबलावरच्या माणसाला याहून शोभेसं काय मिळणार? तोंडावर दोन मालकांची नावं. ती इथं लिहीत नाही. धंद्याची सवय आहे. सौ.नं बारा बशा घेतल्या, त्यांतल्या अकरा मुंबईला पोचल्या.

इथं रंधा दोन महिने माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून होता. पावसाळ्यात न्हाणीघराचं दार फुगलं म्हणून मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री सांगलीकडचे, चौथ्या पिढीचे सुतार, हल्ली सगळं काम विजेच्या यंत्रावर. त्यांना रंधा दिसला. त्यांनी पातं काढलं, अंगठा आडवा फिरवला, दगड मागितला, आणि अर्धा तास दाराकडे बघितलं नाही. मग पाचर ठोकली, दाराच्या कडेवरून एकदा रंधा ओढला. निघालेला छिलका खिडकीशी धरला तर पलीकडची इमारत दिसत होती.

"साहेब, ही दोन नावं कुणाची?"

"आधीच्या मालकांची."

"मग तुमचं कुठाय?"

मी म्हटलं, मी तो एकदाही चालवलेला नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण रंधा खालीही ठेवेनात. मी आत जाऊन सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "देऊन टाका. पण आधी त्यांच्याकडून बेडरूमची खिडकी करून घ्या."

मागच्या आठवड्यात मिस्त्री खिडकीला आले. रंध्याच्या तोंडावर त्या दोन इंग्रजी नावांच्या खाली खिळ्यानं कोरलेली देवनागरी अक्षरं होती. त्यातला 'ळ' जरा वाकडा आला होता. खिडकी आता नीट लागते.